जामीवर संदेश अडकतो, समोरचा कायम ऑफलाइन दिसतो: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

लक्षणे

जामी हे संदेश आणि कॉलचे ॲप फोनवर घेतले, खाते उघडले, पहिला संदेश लिहिला आणि तो गेलाच नाही, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की सांगणाऱ्याचे वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचे मला ठाऊक असते. ती साधारणपणे पुढीलपैकी एखाद्या रूपात येते.

- संदेश पाठवला जात असल्याचे चिन्ह तासन् तास तसेच राहते.
- समोरचा माणूस फोन हातात घेऊन बसलेला असतो, तरी त्याच्या नावाशेजारी तो उपलब्ध असल्याचा ठिपका दिसत नाही.
- संदेश येतात, पण ॲप उघडल्यावरच, आणि मग दोन दिवसांचे एकदम येतात.
- संपर्काची विनंती पाठवून झाली आहे, पण समोरच्याला ती दिसलेली नाही.
- घरच्या वायफायवर सगळे सुरळीत चालते, मात्र कार्यालयात किंवा वसतिगृहात काहीच हलत नाही.
- मजकूर जातो, पण कॉल जोडला जात नाही.

लक्षणे सहा असली तरी दुखणे बहुतेक वेळा एकच निघते: दोन्ही यंत्रे एकाच वेळी जागी नव्हती, किंवा जागी असूनही त्यांना एकमेकांपर्यंत वाट सापडली नाही.

असे का होते

जामी हे मॉन्ट्रियलच्या सावॉयर-फेअर लिनक्स या कंपनीने उभे केलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. आधी त्याचे नाव एसएफएलफोन होते, मग रिंग झाले आणि डिसेंबर २०१८ पासून ते जामी म्हणून ओळखले जाते. नेहमीच्या चॅट ॲपमध्ये आपला संदेश आधी कंपनीच्या सर्व्हरवर पोचतो आणि समोरचा नेटवर येईपर्यंत तिथे थांबतो. व्हॉट्सॲपवर न पोचलेला संदेश ३० दिवसांपर्यंत असा थांबू शकतो. तिथली एक टिक म्हणजे पत्र टपाल कार्यालयात पडले. जामीत टपाल कार्यालयच नाही. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच राहतो आणि दोघांचे फोन थेट जोडले गेले की मगच पलीकडे जातो.

समोरच्याचा फोन सध्या कोणत्या आयपी पत्त्यावर आहे, हे शोधण्यासाठी ओपनडीएचटी नावाची वाटून ठेवलेली नोंदवही वापरली जाते. तिची थोडी थोडी पाने जाळ्यातल्या अनेक यंत्रांकडे असतात. परक्या गावात एका दारी पत्ता विचारावा, त्याने पुढच्या आळीतल्या माहीतगाराकडे बोट दाखवावे आणि असे करत घर सापडावे, तसाच हा प्रकार आहे. मात्र घर सापडले आणि दाराला कुलूप असले, तर निरोप शेजाऱ्याकडे ठेवून परतण्याची सोय इथे नाही. हे लक्षात राहिले की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो.

पहिली तपासणी: समोरच्याला साधा फोन लावा

यास काही खर्च नाही आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात. तरी लोक ही पायरी वगळून थेट सेटिंग्जमध्ये शिरतात आणि जे बरे चालले होते तेही बिघडवून ठेवतात.

माझा मामा चिपळूणला राहतो आणि मावसभाऊ जर्मनीत. दोघांना मीच जामीवर आणले आणि चार दिवस मामाचा एकही संदेश गेला नाही. दोघांशी बोलल्यावर उलगडा झाला. मामा सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ नेट चालू ठेवतो. एरवी ते 'उगाच खर्च होतं' असे त्याचे ठाम मत आहे. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मामाच्या सकाळी तिथे पहाटेचे अडीच ते साडेचार वाजलेले असतात आणि भाऊ फोन विमान-मोडवर टाकून झोपलेला असतो. मामाच्या संध्याकाळी तिथे दुपारचे अडीच ते साडेचार होतात, तेव्हा भाऊ कारखान्यात आणि त्याचा फोन बंद करून लॉकरमध्ये असतो. साडेपाचला तो सुटतो, तेव्हा मामाचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. चोवीस तासांत दोघांचे फोन एक मिनिटही बरोबर जागे नव्हते. बिघाड शोधायचाच असता, तर दोन्ही फोन उघडून पाहूनही तो सापडला नसता.

म्हणून फोनवर एवढेच सांगावे: दोघांनी आत्ता ॲप उघडा, नेट चालू ठेवा आणि पाच मिनिटे पडदा बंद होऊ देऊ नका. तेवढ्यात अडकलेले संदेश गेले, तर यंत्रणेत दोष नाही. वेळा जुळत नाहीत किंवा ॲप झोपवले जात आहे. त्यांनी थेट पाचव्या किंवा आठव्या तपासणीकडे जावे.

दुसरी तपासणी: माणूस तोच आहे ना, आणि त्याने विनंती स्वीकारली आहे ना

जामीत नावे दोन असतात आणि गोंधळ त्यातूनच होतो. एक असते प्रोफाइलवरचे दर्शनी नाव, जे कोणीही काहीही ठेवू शकतो आणि कधीही बदलू शकतो. दुसरे असते नोंदवलेले वापरकर्तानाव, जे एकदा घेतले की बदलता येत नाही. शोधल्यावर सापडते ते दुसरे. ज्याने नाव नोंदवलेच नाही, त्याला केवळ ४० अक्षरांच्या ओळखक्रमांकाने गाठता येते. तो हाताने टंकू नये. क्यूआर कोड स्कॅन करावा किंवा नक्कल करून चिकटवावा.

एका गृहस्थांनी मला दाखवलेला क्रमांक ७६ अक्षरांचा होता. तो टॉक्स या वेगळ्याच जाळ्याचा निघाला. दोन्ही जाळी विनासर्व्हर असली तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. टॉक्सवरच्या माणसाला जामीवरून संदेश पाठवता येत नाही.

विनंती पाठवली म्हणजे ओळख झाली असे नाही. समोरच्याकडे ती निमंत्रणांच्या वेगळ्या रकान्यात पडून असते आणि त्याने तो रकाना उघडून होकार दिल्याशिवाय संभाषण सुरू होत नाही. होकार दिल्यानंतरही पहिल्यांदा संभाषण जुळण्यासाठी दोघे एकदा बरोबर नेटवर यावे लागतात.

तिसरी तपासणी: तारीख, वेळ आणि आवृत्ती

फोनची तारीख आणि वेळ 'आपोआप' या पर्यायावर ठेवावी. जामीची जोडणी प्रमाणपत्रांवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना दाखवायच्या डिजिटल ओळखपत्रांवर, चालते आणि प्रत्येक प्रमाणपत्राला मुदत असते. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि मग समोरच्याचे खरे प्रमाणपत्रही 'अजून लागू झालेले नाही' असे ठरून नाकारले जाते. पडद्यावर घड्याळाचा उल्लेखही होत नाही, म्हणून हा दोष भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो.

त्याच बैठकीत दोन्हीकडची ॲप अद्ययावत करून घ्यावीत. जामीची आजची संभाषणे स्वॉर्म या पद्धतीवर चालतात, ज्यात प्रत्येक सदस्याच्या यंत्रावर संभाषणाची पूर्ण प्रत असते. एकाकडे अगदी जुनी आवृत्ती असेल तर दोघांच्या प्रती जुळत नाहीत. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठी वेगळी परवानगी लागते. पहिल्या दिवशी घाईत ती नाकारली गेली असेल, तर संदेश येऊनही फोन गप्प राहतो आणि दोष जाळ्यावर जातो.

चौथी तपासणी: जाळे बदलून पाहा

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर यावे, किंवा उलट करावे. एका वेळी एकानेच बदल करावा, नाहीतर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही. डेटावर संदेश गेला आणि वायफायवर अडकला, तर दोष त्या वायफायच्या वाटेवर आहे आणि फोनला हात लावण्याचे कारण उरत नाही. दोन्हीकडे अडकला, तर फोनच्या सेटिंग्ज पाहाव्यात. या दहा मिनिटांत पुढचे निम्मे काम टळते.

व्हीपीएन चालू असेल तर तोही याच वेळी क्षणभर बंद करून पाहावा, कारण काही व्हीपीएन थेट जोडणीस लागणारी यूडीपी वाहतूक नीट जाऊ देत नाहीत. मात्र थेट जोडणीत आपला आयपी पत्ता समोरच्या यंत्राला कळतो. तो लपवण्यासाठीच कोणी व्हीपीएन वापरत असेल, तर त्याने ही चाचणी केवळ ओळखीच्या माणसाबरोबर करावी.

पाचवी तपासणी: फोन ॲपला झोपवतो आहे का

अँड्रॉइड फोनवरचा हा सर्वांत चिवट दोष आहे. बॅटरी वाचवण्यासाठी पडदा बंद झाल्यावर मागे चालणारी ॲप थांबवली जातात. सर्व्हर असलेल्या ॲपला त्याचा फारसा फटका बसत नाही, कारण त्याचे संदेश सर्व्हरवर सुरक्षित असतात. जामी थांबले की मात्र त्या माणसाचा पत्ताच नोंदवहीतून नाहीसा होतो.

खात्री करून घेण्याची माझी पद्धत साधी आहे. शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या फोनवर मी ती अलीकडेच वापरली. दोन्ही फोन टेबलावर ठेवले, त्यांच्या फोनवर ॲप उघडून लगेच पाठवलेला संदेश येतो हे पाहिले आणि मग त्यांचा फोन कुलूपबंद करून पंधरा मिनिटे तसाच ठेवला. तेवढ्यात चहा झाला. नंतर माझ्या फोनवरून संदेश पाठवला. त्यांचा फोन शांत. बाईंनी पडदा उघडला, तरीही काही नाही. ॲपवर बोट टेकवले आणि दोन सेकंदांत संदेश हजर झाला. असे घडले की जाळे निर्दोष आहे आणि दोष बॅटरीच्या सेटिंगमध्ये आहे, हे निश्चित समजावे.

उपाय तीन ठिकाणी असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जामीच्या पानावर बॅटरीचा पर्याय 'अनरिस्ट्रिक्टेड' करावा. ज्या फोनांत 'ऑटोस्टार्ट' किंवा तशा नावाचा वेगळा रकाना असतो, तिथे जामीला परवानगी द्यावी, नाहीतर फोन बंद करून चालू केल्यावर ॲप उठतच नाही. आणि नुकत्याच वापरलेल्या ॲपची यादी उघडून सगळी झाडून टाकण्याची सवय सोडावी. 'फोन हलका होतो' या समजुतीने दिवसातून दहा वेळा हे करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना पटवणे सेटिंग बदलण्याहून अवघड जाते.

ॲप कुठून घेतले यानेही फरक पडतो. प्ले स्टोअरवरील आवृत्ती गूगलच्या सूचनासेवेने उठवली जाऊ शकते. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून घेतलेल्या आवृत्तीला ती सेवा नसते, म्हणून एक तर ती कायम मागे चालू ठेवावी लागते किंवा युनिफाइडपुश पद्धतीने सूचना पोचवणारे दुसरे ॲप जोडावे लागते. आयफोनवर मागे चालण्याला आणखी कडक मर्यादा असल्याने तिथे सूचनांची परवानगी आणि सूचनांचा पर्याय चालू असणे अनिवार्य आहे.

सहावी तपासणी: संगणकाचा फायरवॉल

विंडोजवर ॲप पहिल्यांदा चालू केले की फायरवॉल परवानगी विचारतो. ती खिडकी घाईने रद्द केली की बाहेरून येणाऱ्या जोडण्या बंद ठेवणारा नियम तयार होतो आणि तो प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. फायरवॉलच्या परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीत जाऊन जामीसमोर खूण करावी. त्यासाठी फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नये.

सातवी तपासणी: राउटर आणि त्यापलीकडचे

इथून पुढे काम अवघड होते आणि राउटरचा पासवर्ड माहीत नसलेल्याने ते हाती घेऊ नये.

एकाच घरातले दोन फोन एकमेकांना दिसत नसतील, तर त्यांतला एखादा 'गेस्ट' वायफायवर आहे का हे पाहावे. पाहुण्यांच्या जाळ्यावर यंत्रांना मुद्दाम एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असते. लॉज आणि वसतिगृहांतही बहुधा हेच असते.

दोघे वेगवेगळ्या घरी असतील, तर राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा, आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, १० ने सुरू होत असेल, किंवा आपला आयपी सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. यास सीजीनॅट म्हणतात आणि मोबाइल डेटावर ही नित्याची गोष्ट आहे. अशा वेळी राउटरवर पोर्ट उघडणे व्यर्थ आहे, कारण खरे दार आपल्या घरात नसून सेवादात्याकडे आहे. लोकांनी यात अख्खे रविवार घालवलेले मी पाहिले आहेत.

दोन्ही बाजू अशा बंद दारांमागे असतील, तेव्हा जामी टर्न नावाच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत वाहतूक फिरवते. मजकूर तिथेही कूटबद्धच राहतो. म्हणून खात्याच्या प्रगत सेटिंग्जमध्ये टर्न आणि यूपीएनपी (राउटरवर पोर्ट आपोआप उघडून घेणारी सोय) हे दोन्ही पर्याय चालू असावेत. 'सर्व्हर नको म्हणून तर हे घेतले' असे म्हणून टर्न बंद करणारे भेटतात. त्यांचे तत्त्व मला समजते, पण मग कॉल न जोडल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याच पानावर बूटस्ट्रॅपचा, म्हणजे जाळ्यात शिरताना पहिली चौकशी जिथे होते त्या यंत्राचा, पत्ता असतो. तो कोणाच्या सल्ल्यावरून बदलला असेल तर मूळचा पत्ता परत भरावा.

आठवी तपासणी: दुसरे यंत्र जोडा

वेळा जुळत नसतील तर वरीलपैकी कशानेही कायमचा आराम पडणार नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच खात्याला घरात पडून असलेला जुना फोन किंवा लॅपटॉप जोडणे आणि तो चार्जरवर, वायफायवर, कायम चालू ठेवणे. खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'नवीन उपकरण जोडा' हा पर्याय असतो. आवृत्तीनुसार पिन किंवा क्यूआर कोड वापरून जोडणी होते आणि त्या वेळी दोन्ही यंत्रे चालू असावी लागतात. जोडल्यावर ते यंत्र संभाषणाची स्वतःची प्रत बाळगते.

मावसभावाने फुटक्या काचेचा जुना फोन खिडकीत ठेवला. आता मामाचा सकाळी सातचा संदेश पहाटे अडीचला त्या फोनवर उतरतो आणि भाऊ उठून विमान-मोड काढतो तेव्हा त्याच्या फोनवर येतो. भावाने रात्री लिहिलेले उत्तर त्या फुटक्या फोनवर थांबते आणि मामाने नेट चालू केले की चिपळूणला पोचते. मामाने आपली सवय बदललेली नाही.

गटात ही अडचण कमी येते. चार जणांचा गट असेल तर त्यांतला जो कोणी जागा असतो, त्याच्याकडून पुढच्याला प्रत मिळते. दोघांच्याच गप्पा असल्या तरी घरातल्या तिसऱ्याला घेऊन गट करणे हाही चालणारा उपाय आहे, अर्थात तिसऱ्याने वाचलेले चालत असेल तर.

कुठे थांबावे

ॲप काढून पुन्हा टाकणे हा इतर ॲपसाठीचा रामबाण उपाय इथे घातक आहे. खाते केवळ तुमच्या यंत्रावर असते. प्रत न काढता ॲप काढले आणि दुसरे यंत्र जोडलेले नसले, तर खाते गेले, संभाषणे गेली, आणि नोंदवलेले वापरकर्तानावही पुन्हा हाती येत नाही. आधी सेटिंग्जमधून खात्याची बॅकअप फाइल काढून ती फोनबाहेर ठेवावी आणि मगच पुढचे धाडस करावे. खात्याला घातलेला पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारे कोणी नाही, आणि 'मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यावर जोडणी अडवलेली आढळली तर तिथल्या संगणक विभागाला विचारावे. पळवाट काढत बसू नये. ती बंदी हेतुपूर्वक असू शकते आणि नोकरी आपली असते. घरच्या जोडणीवर सीजीनॅट असेल आणि कॉल टर्नमधूनही तुटत असतील, तर सेवादात्याला फोन करून सार्वजनिक आयपी किंवा आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळेल का एवढेच विचारावे. फोन आपोआप बंद पडत असेल, तापत असेल किंवा साठवण जागा भरल्याने फाइली बिघडत असतील, तर तो दुरुस्तीच्या दुकानाचा विषय आहे. मात्र दुकानात देण्याआधी बॅकअप काढावा. ज्यांना कोणाकडून पाळत किंवा धोका असण्याची शक्यता वाटते, त्यांनी यातल्या घरगुती चाचण्या करू नयेत. नागरी संघटना आणि पत्रकारांसाठी ॲक्सेस नाउ या संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन चोवीस तास चालते.

आठही तपासण्या करून संदेश अडकतच असेल तर दोष सॉफ्टवेअरचा असू शकतो आणि तो जामीच्या विकासकांना कळवावा. कळवताना दोन्ही यंत्रांची नावे, त्यांच्यावरील ॲपच्या आवृत्त्या, कोण कोणत्या जाळ्यावर होता आणि संदेश नेमका किती वाजता पाठवला, हे लिहावे. ॲपच्या निदान नोंदी मागितल्या तर त्या चव्हाट्यावर टाकू नयेत; त्यांत तुमचा आणि समोरच्याचा ओळखक्रमांक व आयपी पत्ता असू शकतो.